काहिल उतरवायची वेळ

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ जुलै १९९८

शिवगंगा,

तुझी खुशाली विचारायचा हक्क मी तीन वर्षांपूर्वीच घालवला, आजऱ्यात तुझ्या अप्पांच्या काजूच्या दुकानासमोर ओरडून. म्हणून सरळ कामाचं लिहितो. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

आण्णांना, माझ्या वडलांना, कॅन्सर झालाय. प्रोस्टेटला सुरू झाला, आता कमरेच्या हाडात आणि मणक्यात गेलाय. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, 'घरी न्या.' नेलं. घरी नेऊन करायचं काय, ते त्या कागदावर नाही.

आण्णा तुला आठवत असतील. तू जर्नल न्यायला एकदाच आमच्याकडं आलीस तेव्हा त्यांनी तुला वाटीत गरम काकवी दिली आणि विचारलं, "कालिजात औषधं शिकिवत्यात, मग ह्यो प्रभ्या रोज शिकल्यालं इसरून कसा येतोय?" चाळीस वर्षं त्यांनी गुळव्या म्हणून काढली. उसाचा रस काहिलीत आटतो, त्याचा पाक कधी उतरवायचा ते दोन बोटांनी ओळखणारा माणूस. जरा आधी उतरवला तर गूळ मऊ पडतो, जरा उशीर झाला तर करपतो. गुऱ्हाळात मालकाचंसुद्धा त्यांच्यापुढं चालत नव्हतं. तो माणूस आता उशी दातात धरून पडलाय. अव्वा, माझी आई, दार लावून घेते, गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून.

मॉर्फिन पाहिजे. दुसऱ्या वर्षाला आपण शिकलोय. परीक्षेत मी त्याच्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलंय आणि ते मला आख्ख्या कोल्हापुरात कुठल्या दुकानात मिळत नाही. एक दुकानदार म्हणाला, "पावणं, अफूचा माल आम्ही ठेवत न्हाय. पोलिसांची भानगड कोण लावून घील?" लायसनच्या ऑफिसात गेलतो. शांतपणे विचारलं. टेबलावरची काच आधीच तडकलेली होती.

तू बंगलोरला कॅन्सरच्याच दवाखान्यात औषधांच्या कपाटापाशी बसतेस असं कळलं. त्यातनं साठ गोळ्या काढ. मी येतो न्यायला. नाही म्हणालीस तरी येणार, दारात उभा राहणार.

एक सांगतो. आण्णांना 'मणक्याची झीज' म्हणून सांगितलंय. तू लिहिलंस तर कार्डावर तो शब्द लिहू नको. आमचा पोस्टमन कार्डं वाचत वाचत येतो.

प्रभुलिंग

•

३ ऑगस्ट १९९८

शिवगंगा,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी. पाठ झाल्यात म्हणून लिहितो: 'गोळ्या चोरून पाठवणार नाही. इथं आलास तर वॉचमनला सांगून ठेवलंय. सांगलीकडं एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडं रीतसर साठा आहे, पत्ता खाली. दुखणं दहापैकी किती ते रोज लिहून ठेव. तिथं ओरडू नकोस.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

हे कार्ड वाचून मी तुला जे पत्र लिहिलं ते टाकलं नाही. दुसरं लिहिलं तेही टाकलं नाही. हे तिसरं.

बाळासोनं जीप दिली. बाळासो म्हणजे पंचगंगेपलीकडच्या गुऱ्हाळाचा मालक, आण्णांनी त्याच्याकडं वीस वर्षं गूळ केला. जीपमध्ये गादी टाकून नेलं. प्रत्येक खड्ड्याला आण्णा एकेका देवाचं नाव घेत होते. अंकलीच्या पुलापर्यंत देव संपले, मग माझ्याकडं वळले.

डॉक्टरबाईंच्या भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी चार लायसन्स फ्रेम करून लावल्यात. म्हणाल्या, चौथं हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपली होती, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, मी असतो तर ऑफिस पेटवलं असतं. त्या म्हणाल्या, "मग गोळ्या कुणी दिल्या असत्या?" ओरडलो नाही. तू सांगितलेलं पाळलं, एवढंच.

त्यांनी आण्णांना विचारलं, दुखणं दहापैकी किती?

"धापैकी? मला काय परीक्षेला बसवालाईसा?"

बाईंनी चेहऱ्यांची चित्रं दाखवली, हसरा, रडका. आण्णा म्हणाले, "ह्यो तर आमचा जळव्या आकारामच दिसतोय." जळव्या म्हणजे चुलवाणात जाळ घालणारा. आकारामचा चेहरा खरंच तसा आहे. पण नंबर काही मिळेना. शेवटी मी वैतागून म्हटलं, "आण्णा, काहिलीत काय चाललंय ते सांगा."

ते बघतच राहिले माझ्याकडं. मग डोळे मिटले. "बसलो तर फेस. कूस वळलो की काकवी. आन खोकला आला तर..." त्यांनी दोन बोटं एकमेकांवर घासली. पाक पुरा झाला की गुळव्या थेंबभर गार पाण्यात सोडून बोटांत वळून बघतो, त्याची घट्ट गोळी होते. "गोळी."

बाईंनी ते तसंच केसपेपरवर लिहिलं. निवळ म्हणजे दुखणं नाही, मग फेस, काकवी, गोळी. मी वही केलीय. दर चार तासांनी विचारतो आणि लिहितो.

औषधाची गोळीसुद्धा दर चार तासांनी, दुखो न दुखो. आण्णा म्हणाले, "दुखंल तवा दे की." मी म्हटलं, "काहिल उतू गेल्यावर शेंगतेल टाकता काय तुम्ही?" उतू जायच्या आत टाकायचे असतात चार थेंब, हे मला सांगून सांगून त्यांचा घसा सुकला होता माझ्या लहानपणी. बाईंना म्हणाले, "कालिज सोडल्यापास्नं पैल्यांदा शाण्यागत बोललं बघा."

ह्या गोळीनं शौचाला होत नाही, म्हणून जुलाबाचं औषध बरोबर द्यायचं असतं ते बाईंनी सांगितलं होतं. मी विसरलो. चार दिवस काय झालं ते मुलीला लिहिण्यासारखं नाही.

प्रभुलिंग

•

१० सप्टेंबर १९९८

शिवगंगा,

वही उघडली की आता पानंच्या पानं 'फेस' आणि मधनंच 'निवळ'. मी ती उशाला घेऊन झोपतो. पहिले चार-पाच दिवस झापड होती, बोलता बोलता डोळे मिटायचे, अव्वा घाबरली होती. आता उतरली. काल आण्णांनी दाढी करवून घेतली. अव्वाला म्हणाले, भाकरी जाड झाली. अव्वा आत जाऊन रडली, शिवी खाल्ल्याच्या आनंदानं.

तुझ्या दुसऱ्या कार्डाबद्दल. सात ओळी होत्या. मी मोजत नाही, दिसतात. तू लिहिलंस की मी त्या दिवशी लॅबच्या शिपायाला, शिंत्रे मामांना, स्टूल मारला तो तुझ्यासाठी नव्हता, माझ्या स्वतःच्या तोऱ्यासाठी होता. ते आपल्या दोघांना काहीतरी बोलले एवढंच, ती गोष्ट लॅबमध्येच राहिली असती. मी स्टूल मारल्यामुळं ती आख्ख्या कॉलेजात झाली, मग आजऱ्यात, मग तू तुझ्या मामांकडं बंगलोरला. तीन वर्षांत गावी पाय ठेवला नाहीस असं लिहिलंस. ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तू मजेत असशील म्हणून येत नसशील. माझ्यावर रागावून नव्हे, माझ्या ओरडण्याला भिऊन येत नाहीस, हे वाचून मी दिवसभर तालमीच्या कट्ट्यावर बसून होतो.

उत्तर सुचलं नाही. सुचलं की लिहीन.

इकडं एक नवीन. पावणं बघायला येतात, गोळ्यांची डबी बघतात, कानात बोलतात. बाळासो पण आला. बाहेर ओसरीवर मला म्हणाला, "प्रभू, तुज्या बाला अफूचं याड लागंल रं." मी म्हटलं, बासष्ट वर्षांच्या माणसाला आता याड लागून लागून किती लागणार? तो म्हणाला, "तसं न्हवं. दिवाळीनंतर काहिल चढणार. आण्णा म्हणत्यात पैली काहिल मीच उतरिवणार. अफूच्या तारेत असल्यालं माणूस पाक कसा वळखंल?"

मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही. पण दार उघडं होतं. आण्णांनी सगळं ऐकलं असणार.

प्रभुलिंग

•

१४ ऑक्टोबर १९९८

शिवगंगा,

वही बिघडली. आठ दिवस झाले, काकवी, काकवी, गोळी, गोळी. काल सकाळी तर विचारलं तेव्हा बोटं घासायचीसुद्धा ताकद नव्हती. मी बूथवरनं डॉक्टरबाईंना फोन लावला आणि नको नको ते बोललो. तुमच्या गोळ्या खोट्या आहेत म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोळी पोटात जाते का ते बघितलंस?"

बघितलं. आण्णांची जुनी चंची उशीखाली असते, तंबाखू सुटली तरी चंची सुटली नाही. चुन्याच्या कप्प्यात एकतीस गोळ्या. मी दिली की गालात धरायचे, मी वळलो की चंचीत.

मी ओरडलो. तुला खोटं लिहीत नाही. गल्ली गोळा झाली एवढा ओरडलो. एका गोळीसाठी मी पायाच्या वहाणा झिजवल्या, तुमचं पोरगं कुणाकुणाच्या हातापाया पडलं, असं सगळं. अव्वा मधे आली. आण्णा हलले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाले,

"झालं? आता बस हितं."

बसलो.

"बाळासो खोटं बोलला न्हाय. मला डोस्कं निर्मळ पायजे. येक काहिल. मग तुज्या समद्या गोळ्या येकदम दे."

"आण्णा, मणक्याची झीज हाय, बरं झाल्यावर पुढच्या वर्षी..."

"प्रभ्या." त्यांनी हात वर केला. "झिजंला कोण अफू देतंय रं? चाळीस वर्सं लोकांच्या काहिली कवा उतरवायच्या ते मी सांगितलं. माजी मला कळायची न्हाय व्हय?"

अव्वानं पदर तोंडात धरला. चार महिने आम्ही तिघं एका खोलीत एकमेकांशी खोटं बोलत होतो, आणि त्यातला एक सुरुवातीपासनं जाणून होता.

मग तिनं विचारलं, माझी जीभ वळली नसती ते. "आवो, भ्या वाटतंय का?"

"भ्या न्हाय. दुखालंय." मग म्हणाले, "आपल्यात मेल्यावर माणसाला बसवून पुरत्यात. मला तर बसाय येईना झालंय. तवा काय, सवय करायला पायजे आत्तापास्नं."

अव्वा हसली आणि रडली. आमच्यात ही दोन्ही कामं एकदमच होतात.

आता मला तुझ्याकडनं एक पाहिजे, ते औषध नव्हे. गोळी घेणारा माणूस पाक ओळखू शकतो का? पुस्तकात काय आहे ते नको. तू रोज अशी माणसं बघतेस. खरं लिही. नाही असेल तर मी त्यांना तसं तोंडावर सांगेन. पण एक काहिल त्यांना उतरवायची आहे, आणि ती मी दुखत दुखत उतरवू देणार नाही.

प्रभुलिंग

•

५ नोव्हेंबर १९९८

शिवगंगा,

तुझं पत्र. कार्ड नव्हे, पत्र, दोन पानं, खाली सहीच्या जागी पूर्ण नाव. ते मी आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. झापड पहिल्या दिवसांची असते, वेळच्या वेळी घेतलं की बहुतेकांची उतरते, मग माणूस हिशेब करतो, भांडतो, पत्ते खेळतो. चुकवलं आणि एकदम जास्त घेतलं तर मात्र डोकं जड होतं. आणि तुझं ते वाक्य: 'दुखणं हीच मोठी गुंगी आहे, त्यात माणसाला दुसरं काही दिसत नाही.' आण्णांनी ते दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, "काकवी दिलती ती पोरगी न्हवं ही? तिला कळतंय."

त्याच दिवसापासनं गोळी माझ्यासमोर, वर पाणी, मग तोंड उघडून दाखवायचं. पंधरा दिवसांत वही पुन्हा 'फेस'वर आली.

मग मी बाळासोकडं गेलो. न ओरडता गेलो, ह्यावर तुझा विश्वास बसणार नाही म्हणून आकारामला साक्षीला घेतलं. म्हटलं, पहिली काहिल आण्णा उतरवणार, सकाळची गोळी घेऊन. तो म्हणाला, "आन बिघाडला तर? आख्खी काहिल हाय." मी म्हटलं, बिघडला तर आयुष्यभर तुझ्या चुलवाणाला जाळ घालीन. तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "तू नगो बाबा. तू गुऱ्हाळ पेटवशील."

पण हो म्हणाला.

काल नेलं. सहाला गोळी, सातला जीप. काहिलीजवळ खाट टाकली, पाठीला उसाच्या चिपाडावर घोंगडं. आण्णा आल्याबरोबर बाळासोला म्हणाले, "बिघाडला तर मी तुज्या गुऱ्हाळाची पायरी चढणार न्हाय."

बाळासो बोलून गेला, "तसंबी चढणार न्हाईसा आण्णा."

 आकारामच्या हातातलं चिपाड हातातच. बाळासोचा चेहरा पांढरा फटक. मग आण्णा हसायला लागले, हसता हसता कंबर धरली, "फेस, फेस!" म्हणाले मला, आणि मग बाकीचे हसले.

रस उकळला. रस निवळायला भेंडीचं पाणी घातलं, मळी वर आली, काढली. आण्णा डोळे मिटून होते. बाळासो माझ्याकडं बघे, मी आण्णांच्या छातीकडं. एकदा ते डोळे न उघडता म्हणाले, "आकाराम, उजवीकडचा जाळ दमलाय." आकारामनं वाकून बघितलं. दमला होता.

काकवी झाली. वास बदलला. नवीन गुळव्या उभा होता, शिरोळकडचा, हुशार आहे. त्यानं पाण्यात थेंब सोडला, बोटांत घेतला, म्हणाला, "आजून हाय टाईम."

आण्णांनी हात पुढं केला. मी वाटी धरली. त्यांनी थेंब वळला, माझा हात ओढला आणि तो माझ्या बोटांत दिला. "काय म्हंतंय?"

मला काय कळणार? गरम होतं, वळत होतं. मी म्हटलं, गोळी.

"उतरवा."

नवीन गुळव्या म्हणाला, "दोन मिंटं आण्णा..."

"उतरवा म्हटलं की!"

शिवगंगा, तो आवाज जूनपासनं आमच्या घरात नव्हता. चौघांनी काहिल उचलली आणि ओतली. गूळ निवेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. मी दहाची गोळी दिली. त्यांनी घेतली, तोंड उघडून दाखवलं, सगळ्यांसमोर, बाळासोकडं बघत.

बाळासोनं खडा तोडला, तोंडात टाकला.  दुसरा खडा घेतला.

घरी येताना जीपमध्ये आण्णा झोपले. खड्ड्यांतसुद्धा. पुलावर माझ्या मांडीवर डोकं होतं आणि मी त्या शिरोळच्या गुळव्याला, ऑफिसातल्या साहेबाला, कुणालाच शिव्या देत नव्हतो. असं मला आठवतं तेव्हापासून कधी झालं नव्हतं.

प्रभुलिंग

•

१२ फेब्रुवारी १९९९

शिवगंगा,

आण्णा सहा जानेवारीला गेले. दुपारी, अव्वा भाकरी थापत होती तेव्हा. शेवटचे पाच दिवस गिळता येत नव्हतं. डॉक्टरबाई एसटीनं आल्या आणि गोळी विरघळवून गालाच्या आत कशी सोडायची ते मला दाखवून गेल्या. आदल्या दिवशी विचारलं, "आण्णा, काहिलीत काय?"  मग म्हणाले, "निवालंय." वहीत तो शब्द नव्हता. मी लिहिला.

बसवताना त्रास झाला नाही. अंग सैल होतं. अव्वा गल्लीतल्या बायकांना तेच सांगत होती, "सुखानं बसलं वो."

अठ्ठावीस गोळ्या उरल्या. चंचीत ठेवाव्यात असं एक क्षण वाटलं. दुसऱ्या दिवशी नेऊन दिल्या, रजिस्टरवर सही केली. बाई म्हणाल्या, त्यांचा फार्मासिस्ट नोकरी सोडून चाललाय. कपाटापाशी पास झालेला माणूस पाहिजे, नाहीतर पहिल्या लायसनची मुदत संपली की चारही फ्रेम नुसत्या फ्रेम. माझं एक वर्ष राहिलंय. मी कॉलेजात गेलो. प्रिन्सिपल म्हणाले, शिंत्रे मामांनी हो म्हटलं तर. मामा लॅबमध्येच होते. कपाळावर खूण आहे अजून. मी पाया पडलो. ते म्हणाले, "स्टूल नवीन हाय, जपून बस." जूनपासनं वर्ग.

तोवर बाईंच्या पेशंटांना घरी जाऊन बघतो. औषध बाई देतात, मी वही नेतो. पहिलाच पत्ता आजऱ्याचा निघाला. चिमणाबाई, छातीचा कॅन्सर. मी बाईंना म्हटलं, आजरा सोडून कुठंही पाठवा. त्यांनी कारण विचारलं. सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला काय त्याचं?"

काल गेलो. पत्ता सापडेना. बाजारात उभा राहिलो तर समोर तुमचं दुकान. तुझे अप्पा बाहेर आले. ओळखलं.

"आज काय वरडायला आलाईस?"

"नाही. चिमणाबाईचं घर कुठलं?"

"कशाला?"

सांगितलं. ते वहीकडं बघत राहिले. "आमच्याकडं काजू फोडायला हुती ती. पंधरा वर्सं." मग दुकानाची फळी ओढली, चपला घातल्या आणि माझ्यापुढं चालायला लागले. 

चिमणाबाईला दहापैकी किती ते विचारलंच नाही. काजू फोडताना काय व्हायचं ते विचारलं. म्हणाली, "टरफलाचं त्याल उडलं की कातडं जळतंय बघ. तसं, पर आतनं." मी लिहून घेतलं. अप्पा दाराशी उभे होते, तिथनंच म्हणाले, "चिमणे, मला कधी बोलली न्हाईस." ती म्हणाली, "तुमी कधी इचारलं मालक?"

स्टँडपर्यंत ते पुन्हा बरोबर आले. विचारलं, "परत कवा?" म्हटलं, दर गुरुवारी. म्हणाले, "मग दुकानावरनंच जात जा. मागच्या बोळात कुत्री हायत."

सप्टेंबरात म्हटलं होतं, उत्तर सुचलं की लिहीन. हे घे. पाडवा महिन्यावर आलाय. गावी ये. तुला कधी यायचं ते तू ठरव, गुरुवार असला तरी चालेल. तू असशील तेव्हा मी दुकानावरनं जाणार नाही, बोळातनं जाईन. कुत्र्यांचं मी बघून घेतो.

प्रभुलिंग